दुवा आढळला नाही

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. फोनवर दादा "हं"च्या पुढे जात नाही आणि तुमचा डावा कान फोनशी भांडतो, म्हणून आपलं हे पत्रच बरं.

आम्ही अकरा जण अडीच वर्षं ज्याच्या मागे होतो, ते काल सुरू झालं. नाव ठेवलंय 'दुवा'. मंत्र्यांनी कळ दाबली, पडदा उजळला, टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत उभा होतो आणि बूट चावत होते.

काय आहे ते सोपं करून सांगतो. संसद कायदा करते. त्यातल्या एखाद्या कलमाच्या आधारावर गावोगावच्या पालिका आपापले नियम करतात. भट्टी वस्तीपासून किती लांब, विहिरीचा कठडा किती उंच, असले. पण कुठला नियम कुठल्या कलमावर उभा आहे, हे आजवर फक्त कपाटांना माहीत होतं. आता गाव आणि नियमाचा क्रमांक टाकायचा, की त्याचं मूळ कलम समोर. किंवा उलट, कलम टाकलं, तर त्यावर उभे असलेले देशभरचे नियम समोर.

जानेवारीत मात्र आमचा जीव गेला. एक तारखेपासून बरेच जुने कायदे जाऊन नवे आले, आणि उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली. आता दोन दिवस नुसता झोपणार आहे.

तुमच्या वाचनालयातल्या संगणकावरही दुवा येईल. बघा आणि कळवा. दादाला सांगा, धाकट्याने शेवटी काहीतरी कामाचं केलं.

तुमचा
धाकटा


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा दुवा आला. संगणक जोडायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, यात आता दुवा आहे," तेव्हा मी म्हटलं, "मग रोज सकाळी घेत जाईन, तेवढंच आयुष्य वाढेल." तो हसलासुद्धा नाही. तुमच्या खात्यातली माणसं अशीच असतात का हो?

वाचनालयात सकाळी पेपर वाचणारे पाच म्हातारे सोडले तर कोणी नसतं, म्हणून मी खेळत बसले. भटक्या कुत्र्यांचा नियम बघितला, सापडला. दुकानाच्या पाट्यांचा बघितला, सापडला. मग म्हटलं, आपल्या घरचा बघू. तुमचे दादा ज्याच्यावर बावीस वर्षं नोकरी करतायत तो नियम एक्केचाळीस. जलाशयाच्या भिंतीची रोज पाहणी करावी, पाझर मोजावा, पाणी तांबड्या खुणेवर गेलं की झडप उघडावी, भिंतीच्या पायथ्यापासून शंभर पावलांत खणू नये. मला तोंडपाठ आहे.

तर त्याच्यापुढे लिहून आलं, 'दुवा आढळला नाही'.

घरी येऊन यांना म्हटलं, "अहो, धाकट्या भाऊजींच्या मते तुम्ही बावीस वर्षं बिनकायद्याचे भिंतीवर फिरताय." हे हसले आणि जेवायला बसले. जेवताना मात्र दोनदा विचारलं, "नक्की असंच लिहिलंय?"

परवा पालिकेतला लेखनिक आला होता. यापूर्वी तो वाचनालयात कधी आला असेल तर मला आठवत नाही. त्यानेही तेच पान काढून मागितलं आणि क्रमांक वहीत उतरवून नेला. जरा बघून ठेवा ना, काय भानगड आहे.

तुमची
वहिनी


१ मार्च

वहिनी,

काळजी करू नका. 'दुवा आढळला नाही' म्हणजे नियम नाही असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की आमच्या यादीत जोड दिसत नाही. हजारो नियम आहेत, थोडं इकडेतिकडे होणारच. मी बघतो.

पण एक करा. ते पान आणखी कोणाला दाखवू नका. कोणी मागितलंच तर संगणक बिघडलाय म्हणा. कुठलं पान किती वेळा उघडलं हे आम्हाला इथे दिसतं. तुमच्या गावचा नियम एक्केचाळीस फेब्रुवारीत एकोणीस वेळा उघडला गेलाय. त्यातल्या दोन वेळा तुम्ही धरल्या, तरी सतरा उरतात, आणि त्या सगळ्या पालिकेच्या कचेरीतून आहेत.

दादाशी यावर बोलू नका. उगाच डोक्यात घेईल.

इथे सगळं ठीक. संचालकबाई खूश आहेत.

धाकटा


२० मार्च

भाऊजी,

बोलू नका म्हणालात, पण आता न बोलण्यासारखं काही उरलं नाही.

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी यांना बोलावलं. टेबलावर वही उघडी होती. म्हणाले, "तुमचा तो नियम एक्केचाळीस, तो कशावर उभा आहे?"

हे म्हणाले, "भिंतीवर."

तिथे बसलेले दोघं हसले. मुख्याधिकारी म्हणाले, "जुना कायदा गेला. त्याच्याबरोबर नियमही गेला. देशाचं यंत्र सांगतंय, मी नाही. उद्यापासून तिकडे जायचं नाही. बागेच्या फाटकावर बसा."

"आणि पाझर कोण मोजणार?"

"मोजायचा नियम कुठे राहिलाय?"

झडपेच्या खोलीची किल्ली तिथेच काढून घेतली. यांनी पावती मागितली, तर म्हणाले, "घरातल्या घरात पावती कसली मागता?" लेखी काही नाही. बावीस वर्षं कमरेला लावलेली किल्ली, अजून यांचा हात तिथे जातो.

बुधवारी भिंतीच्या पायथ्याशी खणायचं यंत्र आलं. दुकानांची रांग होणार आहे म्हणे. शंभर पावलं सोडा, भिंतीपासून तीस पावलंही नाहीत. खालच्या आळीतल्या लोकांना आनंदच झालाय, दुकानं दारात येणार.

हे दिवसभर फाटकावर बसून असतात. सकाळी मात्र न्याहारीच्या आधी अर्धा तास कुठे जातात ते मला माहीत आहे. कुंपणाबाहेरून बघतात आणि परत येतात. काय दिसलं विचारलं तर सांगत नाहीत.

तुम्ही "बघतो" म्हणाला होतात. काय बघितलंत?

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

बघितलं. तुमचं पत्र येण्याच्या आधीच बघितलं होतं, आणि लिहायचं टाळत होतो.

जलाशयांचा जुना कायदा गेला हे खरं आहे. पण नव्या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात साफ लिहिलंय की जुन्या कायद्याखाली केलेले गावांचे नियम नव्या कलम चौदाखाली तसेच चालू राहतील. म्हणजे नियम एक्केचाळीस एक दिवसही मेला नव्हता. आम्हाला करायचं होतं ते एवढंच, प्रत्येक नियम जुन्या कलमावरून उचलून नव्यावर ठेवायचा. एकेक उघडून, परिशिष्टाशी ताडून.

कोणी काय बदललं याची नोंद आत राहते. मी ती उघडली. बावीस जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तीनशे बारा नियम एकदम खुणा करून 'मूळ कायदा रद्द' असे टाकलेत. एका टिचकीत. आणि पुढे माझं नाव आहे.

मला ती दुपार आठवते. संचालकबाई दारात उभ्या होत्या. "संध्याकाळपर्यंत यादी रिकामी हवी," म्हणाल्या. मी परिशिष्ट वाचलं नव्हतं. गावांची नावंही वाचली नाहीत. त्यात आपलं गाव होतं. माझ्या दादाची भिंत होती, आणि मी वाचलं नाही.

परवा ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. दोनदा. तीनशे बारा जलाशय आहेत, वहिनी.

बाईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "दुरुस्ती सहामाहीला होते. जूनमध्ये टाकू. आत्ता चूक म्हटलं, तर मंत्र्यांनी कळ कशाची दाबली?" मी म्हटलं, निदान त्या गावांना कळवू. त्या म्हणाल्या, "तुम्ही कोणालाही काहीही कळवणार नाही."

हे पत्र लिहिणंसुद्धा त्यात आलं. लिहितोय.

माझं नाव दादाला सांगू नका. एवढं मागतो.

धाकटा


१८ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. यांना सांगितलेलं नाही. तुमच्यावर राग आहे, पण तो काढायला आत्ता वेळ नाही.

भिंतीखालची माती ओली झालीय. कुंपणाच्या आत, खणलेल्या चराच्या कडेला. यांनी लांबूनच ओल कुठवर आली त्याच्या खुणा धरल्यात. आठ दिवसांत चार पावलं पुढे आली. मला म्हणाले, "पाझर स्वच्छ असेल तर भिंत श्वास घेतेय समजायचं. गढूळ असेल तर पाणी आतून माती घेऊन येतंय." मी विचारलं, "मग आता कसं आहे?" हे म्हणाले, "काल स्वच्छ होतं."

आज सकाळी परत आले ते न्याहारीला बसलेच नाहीत. तडक पालिकेत गेले. मुख्याधिकारी भेटले नाहीत. लेखनिकाने बाहेरच सांगितलं, "तुम्ही बागेचे आहात. भिंतीचं तुम्हाला काय?" हे म्हणाले, "अवकाळी पावसाने पाणी तांबड्या खुणेच्या वर गेलंय, झडप उघडा." तो म्हणाला, "अर्ज द्या."

अर्ज दिला. मीच लिहिला. त्याची पोच दिली नाही.

काहीतरी करा. सहामाही वगैरे मला सांगू नका.

वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

दुरुस्तीचा अर्ज केला. बाईंना डावलून वर केला. दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली. बसतो त्याच इमारतीत, तळघरात, जुन्या फायलींपाशी. माझ्या ओळखपत्राने आता तिसऱ्या मजल्याचं दार उघडत नाही.

तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना मी स्वतः फोन केला. नाव सांगितलं, खातं सांगितलं, कलम चौदा सांगितलं. ते म्हणाले, "यंत्रात दिसू दे, मग बोलू."

कायद्याची वाट बघू नका. दादाचं ऐका. तो निघा म्हणाला, की खालच्या आळीतून सगळ्यांना काढा.

धाकटा


१९ मे

वहिनी,

हे चौथं पत्र. आधीची तीन मिळाली की नाही कळत नाही. फोन लागत नाही. पेपरात चार ओळी आल्या होत्या. जलाशय फुटला, वस्तीत पाणी, तीन मृत. नावं नव्हती. तिकडची गाडी बंद आहे. दोनदा स्थानकावर जाऊन परत आलो.

कोणीतरी एक ओळ लिहा. दादा आहे ना? तुम्ही आहात ना?

एक सांगायचं होतं. दुवा जोडला गेलाय. बाहेरच्या साध्या संगणकावर बघितलं. नियम एक्केचाळीस, मूळ कलम चौदा, एक जानेवारीपासून अंमलात. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी जोडला असावा. सगळेच तीनशे बारा जोडले, असं तळघरात कानावर आलं. फार उशिरा झालं, पण निदान आता दादाला त्याची जागा परत मिळेल, एवढंच मनाला सांगतोय.

धाकटा


२ जून

भाऊजी,

आम्ही दोघं आहोत. तुमची पत्रं काल एकदम आली, टपाल कचेरीत चिखल होता.

सहा मेला जेवायच्या सुट्टीत हे कुंपणापाशी गेले. पाझर चहासारखा झाला होता आणि मनगटाएवढी धार लागली होती. हे खालच्या आळीत धावले. हातात बागेतली पाणी घालायची झारी होती, तीच दारांवर आपटत गेले. बेचाळीस घरं. लोक आधी शिव्या देत बाहेर आले, मग धार बघितली आणि पळाले. पळताना शिंपीणबाईला आठवलं की सासू आत खाटेवर आहे. ती परत फिरली. दोघी गेल्या. तिसरा खणायच्या यंत्रावरचा माणूस, त्याला यंत्राच्या आवाजात काही ऐकूच गेलं नाही.

आळी रिकामी करून हे झडपेच्या खोलीकडे गेले. कुलूप नवीन होतं. दगडाने फोडत होते, तेवढ्यात भिंत बसली. हे उंचावर होते म्हणून वाचले.

आता पुढचं ऐका. तुम्ही लिहिलंत की दादाला जागा परत मिळेल. मिळाली.

चौकशीचे साहेब आले. पालिकेत चिखल म्हणून वाचनालयातच बसले, माझ्याच टेबलावर. माझ्याच संगणकावर दुवा उघडला. म्हणाले, "नियम एक जानेवारीपासून अखंड लागू आहे. नियमाप्रमाणे पाहणी करणारा माणूस तुम्ही. सहा मेला तुम्ही जागेवर का नव्हता?"

हे म्हणाले, "मला बागेत बसवलं होतं."

"लेखी?"

"तोंडी."

मुख्याधिकारी शेजारीच होते. म्हणाले, "असं कसं होईल साहेब? नियम लागू असताना आम्ही माणूस कशाला हलवू? हेच मनाने बागेत जाऊन बसत."

"किल्ली?"

"यांनी हरवली. म्हणून तर कुलूप बदललं."

आमच्या अर्जाचा पत्ता नाही. कुलूप फोडल्याचा गुन्हा वेगळा लावलाय. परवा यांना घेऊन गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "शिंपीणबाईला मी बाहेर आलेली बघितली होती गं."

पुढची सुनावणी वीस जूनला आहे. दुवा कधी आणि कसा तुटला हे सांगणारा सगळ्या जगात एकच कागद आहे, आणि तो माझ्या साड्यांच्या खाली आहे. त्यावर तुमची सही आहे. तो दिला, तर तुम्हाला नेतील. नाही दिला, तर तीन माणसांचं पाप यांच्या माथी.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात. तुम्हाला न विचारता देणार नाही. पण उत्तर लवकर द्या, आणि मला पटेल असं द्या.

वहिनी


९ जून

वहिनी,

पत्र देऊ नका. घाईने म्हणत नाही, विचार करून म्हणतोय. नुसत्या पत्राने काय सिद्ध होणार? भावाने भावासाठी मागाहून लिहिलं, असं म्हणतील. मी आत राहिलो, तर जुनी नोंद कुठूनतरी काढता येईल. मला थोडा वेळ द्या, दोन महिने. दादा निर्दोष आहे, सुटेलच.

१० जून

वरचं काल लिहिलं. सकाळी फाडायला घेतलं, पण राहू दिलं. मी कसा माणूस आहे ते तुम्हाला कळलेलं असावं.

काल रात्रभर मला बेचाळीस दारं दिसत होती. दादाकडे किल्ली नव्हती, नियम नव्हता, हुकूम नव्हता, तरी तो गेला. माझ्याकडे सगळं होतं आणि मी एक परिशिष्ट वाचलं नाही.

पत्र द्या, पण नुसतं पत्र नको. मी येतो. गाडी सुरू झालीय. वीस तारखेला दहा वाजता वाचनालयात असेन. दादाला आधी सांगू नका. मला बघून त्याला जे म्हणायचं असेल ते तोंडावर म्हणू दे.

धाकटा


१२ जुलै

भाऊजी,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आधी दोघं-तिघं वाचतील असं सांगितलंय. वाचू दे.

वीस जूनला सुनावणीतून तुम्हाला मागच्या दाराने नेलं, त्यानंतरचं तुम्हाला कळलं नसेल. साहेबांनी दुव्याच्या बदलांच्या नोंदीत तुमचं नाव शोधलं आणि 'अशी नोंद नाही' आलं, तेव्हा तुमचा चेहरा पाहवेना. मी पत्र पुढे केलं तेही त्यांनी आधी बाजूलाच ठेवलं होतं. पण तुम्हाला नेल्यावर पाकीट उलटून बघत बसले. टपालाचा शिक्का एकोणतीस मार्चचा. भिंत फुटली सहा मेला. दोनदा बोटांवर मोजलं. मग मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, "हे घडायच्या आधी पाच आठवडे यांना कसं कळलं होतं?" पेपरवाल्या पाच म्हाताऱ्यांतला एक उठून म्हणाला, "ते पान मीही वाचलंय साहेब, फेब्रुवारीत. बाईंनीच दाखवलं होतं." मग दुसरा उठला.

हे आठ तारखेला घरी आले. मुख्याधिकारी रजेवर आहेत. तुमच्या संचालकबाईंचं काही कळलं नाही.

यांना मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "त्यानं वाचायला हवं होतं." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "पण आला." त्याच्या पुढचं मी ओढून काढलं नाही. शिंपीणबाईच्या घरी रोज जातात, तिच्या पोरींना शाळेत सोडतात. तुम्हाला भेटायला येतील की नाही, ते माहीत नाही.

आता लिहायचं कारण. सुनावणीची बातमी पेपरात आली, आणि तेव्हापासून वाचनालयाच्या पत्त्यावर पत्रं येतायत. पहिलं एका झडपवाल्याच्या बायकोचं होतं. तिच्या नवऱ्याला मार्चमध्ये भिंतीवरून काढून पालिकेच्या गोदामात बसवलंय. तिने लिहिलंय, 'तेव्हा आमच्याकडेही दुवा आढळत नव्हता. आता आढळतो, पण यांना परत कोणी बोलावलं नाही. भिंतीखाली गोठे बांधून झालेत.' दुसरं एका मास्तरांचं, त्यांची शाळाच भिंतीच्या पायथ्याशी आहे. काल तिसरं आलं. त्यात पाझर गढूळ झालाय का ते कसं ओळखायचं, असं विचारलंय. ते वाचून हे जेवले नाहीत. आज पहाटेच तिकडे निघाले, कोणी बोलावलं नसताना.

कलम चौदावर दोन हजारांच्या वर नियम उभे आहेत. मी सगळी पानं उघडून बघितली. सगळ्यांपुढे एक जानेवारी. त्यातले तुमचे तीनशे बारा कुठले, ते दुवा सांगत नाही. तुमच्या बाई सांगणार नाहीत. तुम्ही ती यादी दोनदा वाचलीय.

सोबत कोरे कागद पाठवतेय. आठवतील ती गावं लिहा. क्रम लावत बसू नका, अक्षराकडे बघू नका. ज्यांची वस्ती भिंतीला लागून आहे, ती आधी लिहा. इकडे पाऊस लागलाय, भिंतींमागे पाणी चढतंय.

वहिनी